पासष्टीनंतर सरकारकडून नेमकं काय मिळतं?

फेब्रुवारी 2025 मध्ये 'लाडकी बहीण' योजनेतून वगळलेल्या महिलांचा आकडा जाहीर झाला. महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं की पाच लाख महिला अपात्र ठरल्या आहेत आणि त्यांतल्या 1 लाख 10 हजार वयाची 65 वर्षं ओलांडलेल्या आहेत. चर्चा झाली ती चारचाकीवाल्यांची आणि दोन-दोन योजनांचा लाभ घेणाऱ्यांची. केवळ वय वाढलं म्हणून बाहेर पडलेल्या बायकांकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

अशा बाईला गावात सल्ला मिळतो, "आता श्रावणबाळला अर्ज टाका. तिथंही दीड हजारच आहेत." रक्कम सारखी, खातंही तेच, म्हणजे एका खिडकीवरून उठून शेजारच्या खिडकीवर बसायचं, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत ती 21,000 रुपये आहे. पासष्टावं वर्ष उलटलं की त्याच बाईसाठी, त्याच घरासाठी, सरकारची गरिबीची व्याख्या अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते. बाई मात्र आदल्या दिवशीपेक्षा श्रीमंत झालेली नसते.

म्हातारपणाच्या सरकारी मदतीचा गोंधळ समजून घ्यायचा तर हा फरक लक्षात ठेवावा लागेल. सगळे बोलतात रकमेवर. माझ्या मते खरी अडचण दारातच आहे.

## आधी हे कळू द्या: सगळीच 'पेन्शन' एक नव्हे

आपण सरसकट 'पेन्शन' म्हणतो. खेड्यापाड्यांत तर 'निराधारचा पगार' म्हणतात. पण या एका नावाखाली अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

एक, नोकरीमुळे मिळणारं निवृत्तिवेतन. सरकारी नोकरीत होता, किंवा खासगी कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, म्हणून ते मिळतं. कंपन्या-कारखान्यांतल्या कामगारांसाठी जी 1995 ची पेन्शन योजना आहे, तिच्यात 2014 पासून किमान रक्कम महिना 1,000 रुपये आहे आणि ती वाढवा म्हणून अनेक वर्षं आंदोलनं चालू आहेत.

दोन, तरुणपणी स्वतः हप्ते भरून मिळवायची पेन्शन. अटल पेन्शन योजना 2015 साली आली. तिच्यात 18 ते 40 या वयातच शिरता येतं आणि साठीनंतर निवडलेल्या हप्त्याप्रमाणे महिना 1,000 ते 5,000 रुपये मिळतात. आज सत्तरीत असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. तरीही गावोगावी म्हातारी माणसं आधार कार्ड घेऊन "ती अटलवाली पेन्शन चालू करा" म्हणत बँकेत जातात. त्यांची चूक नाही, जाहिरातीत वयाची अट बारीक अक्षरांत असते.

तीन, अनुदान. आयुष्यभर शेतात राबलेल्या, बांधकामावर गेलेल्या, घरकाम केलेल्या, कुठल्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला सरकार स्वतःच्या तिजोरीतून देतं ते हे. त्यासाठी हप्ते भरलेले असावे लागत नाहीत. राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये म्हातारपण, आजारपण, बेकारी अशा वेळी राज्याने आपल्या ऐपतीनुसार साहाय्य करावं असं म्हटलंय, त्याचाच हा व्यवहारातला अवतार. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

## दीड हजारात कुणाचा किती वाटा?

केंद्राने 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. वृद्धांना तेव्हा केंद्राकडून महिना 75 रुपये मिळायचे. पुढे ती रक्कम 200 झाली आणि 2007 मध्ये योजनेला 'इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना' हे आजचं नाव मिळालं. 2011 पासून केंद्राच्या नियमात वयाची अट 65 वरून 60 वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठी 500 रुपये ठरले. मात्र 60 ते 79 वयोगटासाठी केंद्राचा वाटा तेव्हा 200 होता, आजही 200 आहे. एवढ्या काळात डाळ, तेल, औषधं आणि एसटीचं तिकीट कुठून कुठे गेलं हे वेगळं सांगायला नको. अर्थसंकल्पात या संपूर्ण कार्यक्रमासाठी 2024-25 आणि 2025-26 या दोन्ही वर्षी 9,652 कोटी रुपयेच ठेवले होते.

बाकीची रक्कम राज्य घालतं. महाराष्ट्रात त्यासाठी 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' आहे, वयाची अट 65. तिच्यात दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचे 200 आणि राज्याचे 1,300 मिळून 1,500. यादीत नाव नाही, पण उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर पूर्ण 1,500 राज्याचे. हातात दोन्हीकडे सारखेच येतात. ही रक्कम आधी 600 होती, 2019 मध्ये 1,000 झाली आणि जुलै 2023 पासून 1,500.

पासष्टीच्या आत असलेल्या निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' आहे. दोन्हींचं टेबल तहसील कचेरीत बहुधा एकच असतं, म्हणून लोक सगळ्यालाच 'संजय गांधी' म्हणतात.

## एकवीस हजारांचा आकडा

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. दिवसाला 58 रुपयेसुद्धा होत नाहीत. हा आकडा एका माणसाचा नाही, कुटुंबाचा आहे.

रोजगार हमीची मजुरी राज्यात 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाने वर्षभरात फक्त 68 दिवस रोजगार हमीवर काम केलं तरी 21,216 रुपये होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. सरकारच्याच कायद्याने ग्रामीण कुटुंबाला ज्या शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती, ते पूर्ण केलेल्या घरातला म्हातारा सरकारच्याच दुसऱ्या योजनेच्या नजरेत गरीब उरत नाही.

अनुदानाची रक्कम 600 पासून 1,500 पर्यंत वाढली. उत्पन्नाची मर्यादा मात्र दशकभराहून अधिक काळ तिथेच आहे. दार तसंच ठेवून आत वाढलेलं ताट मोठं केलं, तर जाहीर होते ती ताटाची बातमी.

याचा परिणाम उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसतो. दाखला देतो तहसीलदार. त्याचा आधार म्हणजे अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक अजून तलाठीच म्हणतात.) तलाठी समोर बसलेल्या म्हातारीकडे पाहतो. ती गरीब आहे हे त्याला दिसतं. पण मुलगा हंगामात मजुरीला जातो, सून दोन घरी भांडी घासते. खरं लिहिलं तर साठ-सत्तर हजार होतात आणि म्हातारी बाद होते. मग दाखल्यावर 20,000 किंवा 21,000 येतं. ते खरं नाही हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

कुणी म्हणेल, काम तर झालं ना? झालं, पण सगळ्यांचं नाही. ज्या तलाठ्याला ही मोकळीक घ्यायची नसेल त्याच्या गावात तितकाच गरीब माणूस बाहेर राहतो. ज्या म्हाताऱ्याने भाबडेपणाने खरा आकडा सांगितला त्याचा अर्ज नामंजूर होतो. मधल्या एजंटाला पाय ठेवायला जागा मिळते, कारण 'बसवून देण्याची' कला त्याच्याकडे असते. आणि ज्यांना मिळतं त्यांच्याही मनात कायमची भीती राहते, की कधीतरी फेरतपासणी होईल आणि आपण 'बोगस' ठरू. एका माणसाला त्याच्या हक्काचा पैसा घेण्यासाठी खोटा कागद करायला लावणं, याला मी व्यवस्थेचा दोष म्हणेन, त्या माणसाचा नव्हे.

दारिद्र्यरेषेच्या यादीची कथाही फार वेगळी नाही. ग्रामीण भागातली ती यादी 2002 च्या सर्वेक्षणावर बेतलेली आहे. तेव्हा ज्याच्याकडे बैलजोडी होती आणि आज जो मुलाच्या मरणानंतर एकटा राहतो, त्याचं नाव त्या यादीत कुठून येणार?

## पैसे मंजूर झाले, पण खात्यात का येत नाहीत?

2024 च्या अखेरीपासून राज्याने या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने द्यायला सुरुवात केली. त्याआधी तहसीलकडून बँकेला याद्या जायच्या. नवी पद्धत तत्त्वतः चांगली आहे, मधले टप्पे कमी झाले. पण "माझा पगार बंद झाला" ही तक्रार त्यानंतर फार ऐकू येऊ लागली, आणि तिच्यातला काही भाग केवळ न कळल्यामुळे आहे.

डीबीटीत पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. एका आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असते. या नोंदीला 'आधार सीडिंग' म्हणतात. बँकेने तुमच्या आधारची झेरॉक्स घेऊन खात्याला आधार जोडला म्हणजे सीडिंग झालंच, असं नाही. शिवाय सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं आणि शेवटी जिथे केलं तेच धरलं जातं. पत्ता बदलल्याचं पोस्टात कळवलं की पुढची सगळी पत्रं नव्या पत्त्यावर जातात, जुन्या घरी कितीही वाट पाहिली तरी पोस्टमन येत नाही, तसंच हे.

समजा एका आजींची तीन खाती आहेत. एक जिल्हा बँकेतलं, जिथे वर्षानुवर्षं निराधारचे पैसे यायचे. दुसरं राष्ट्रीयीकृत बँकेतलं जनधन खातं. तिसरं कुणीतरी मोबाइलचं सिमकार्ड देताना किंवा गावात शिबिर लावून उघडून दिलेलं, ज्याचं पासबुकही नाही आणि आजींना ते असल्याचा पत्ताही नाही. सीडिंग शेवटचं म्हणून तिसऱ्या खात्यात झालेलं असतं. आजी दर महिन्याला जिल्हा बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात, त्यात काही दिसत नाही, आणि त्या तहसीलदाराला बोल लावतात. पैसे येतच असतात, पण तिसरीकडे साठत असतात.

ते बुडालेले नसतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की कोणत्या बँकेचं नाव लागलंय ते कळतं. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. मग ज्या बँकेत पैसे हवे आहेत तिथे सीडिंगचा संमती-अर्ज भरायचा, म्हणजे पुढचे हप्ते तिकडे येतात. साठलेले पैसे त्या अनोळखी खात्यातून आधारवर काढता येतात.

अंगठा न उठण्याची अडचण वेगळी. शेतात, वीटभट्टीवर, चुलीपुढे आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र "जुळत नाही" म्हणतं. अशा वेळी डोळ्यांच्या बाहुलीची किंवा चेहऱ्याची ओळख चालते. केंद्रचालक आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा.

आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा दाखवावं लागतं. ते राहिलं की हप्ता थांबतो. घरातल्या तरुण माणसाने ही तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवली तर म्हाताऱ्या माणसाचे हेलपाटे वाचतील.

## तीन हजारवाली आणि पाच लाखवाली

दोन योजनांबद्दल इतका गैरसमज आहे की थोडं थांबून सांगायला हवं.

'मुख्यमंत्री वयोश्री योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना 3,000 रुपये. हे दरमहा नाहीत, एकदाच आहेत. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी आहेत. आणि उत्पन्नाची मर्यादा पाहा, दोन लाख! एकदाच द्यायच्या मदतीसाठी दोन लाख आणि रोजच्या भाकरीसाठी एकवीस हजार, हे कुठल्या हिशेबाने ठरलं ते मला कधी उमगलेलं नाही.

दुसरी, 70 वर्षांवरच्यांसाठीची आयुष्मान भारत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. हे पैसे हातात येत नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यावर योजनेत असलेल्या रुग्णालयाला दिले जातात. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात बसत नाहीत, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा नियमित खर्च नेमका तोच असतो. तरीही हे कार्ड प्रत्येक सत्तरीपुढच्या माणसाने काढून ठेवावं. आजारपण आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

एसटीत 65 नंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून 75 नंतर मोफत प्रवास, ही सवलत मात्र खरोखर लोकांपर्यंत पोचली. उत्पन्नाचा दाखला नाही, समिती नाही, फक्त वय दाखवायचं. दार रुंद ठेवलं की काय होतं हे एसटीच्या कुठल्याही गाडीत पाहायला मिळतं.

## "मुलं आहेत ना? सरकारने का द्यायचं?"

हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. आईबापांना सांभाळणं मुलांचं कर्तव्य आहेच. 2007 च्या कायद्याने ते कायदेशीर कर्तव्यही केलंय. साठीपुढचे आईवडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागू शकतात, महिना 10,000 रुपयांपर्यंत.

पण प्रश्न असा, की जो मुलगा स्वतः दोन महिने ऊसतोडीला आणि चार महिने बिगारीला जातो, त्याच्यावर कोणती आई खटला भरेल? आणि भरला तरी तो देणार कुठून? कायदा देत नसलेल्या मुलांसाठी आहे, देऊ न शकणाऱ्यांसाठी नाही. शिवाय स्वतःच्या नावावर येणारे दीड हजार म्हणजे केवळ दीड हजार नसतात. गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, नातवाला खाऊ आणता येतो, घरातल्या बोलण्यात एक शब्द आपला असतो. पैसे येऊ लागले म्हणून मुलं टाकून देतात, ही भीती बोलून दाखवणाऱ्यांनी पैसे नसलेल्या म्हाताऱ्यांची घरातली जागा जरा पाहावी.

## "मर्यादा वाढवली तर बोगस घुसतील, तिजोरी रिकामी होईल"

मेलेल्या माणसाच्या नावाने पैसे उचलले जातात, सधन घरातली नावं राजकीय ओळखीने लागतात, हे घडतं आणि ते थांबलंच पाहिजे. फक्त एकवीस हजारांची मर्यादा ते थांबवत नाही. ज्याची ओळख आहे तो एकवीस हजारांचाही दाखला आणतो. त्यापेक्षा चारचाकी, सरकारी नोकरी, आयकर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि नोंदींत तपासता येणाऱ्या गोष्टींवरून वगळणं सोपं आणि प्रामाणिक आहे. लाडकी बहीण योजनेत सरकारने ही पद्धत लावलीच आहे.

तिजोरीचा प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. मर्यादा वाढली तर लाभार्थी वाढतील आणि पैसा लागेल. पण आंध्र प्रदेश जुलै 2024 पासून वृद्धांना महिना 4,000 रुपये देतं. महाराष्ट्र त्याहून गरीब राज्य नाही. हा ऐपतीपेक्षा अग्रक्रमाचा प्रश्न आहे. केंद्राने आपले 200 रुपये निदान महागाईच्या प्रमाणात वाढवले असते, तर राज्यांवरचा भारही हलका झाला असता.

## आज अर्ज करायचा असेल तर

अर्ज तहसील कार्यालयात, सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात. लागतात वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहत असल्याचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि बँक पासबुक. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नसेल, आणि या पिढीत तो क्वचितच असतो, तर शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय चालतं. तेही जुळत नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला. पण आधारवर वय चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, पुढे सगळी गाडी तिथेच अडते.

मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. तिची बैठक लांबली की अर्ज पडून राहतात. म्हणून अर्ज देताना तारीख-शिक्क्याची पोच घ्या आणि ती जपा. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. "तुमचं बसत नाही" हे तोंडी उत्तर म्हणजे कारण नव्हे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठरलेली मुदत उलटली तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. कुठेच दाद लागत नसेल, किंवा घरातच छळ होत असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, फोनला पैसे पडत नाहीत.